मिटलेल्या पुस्तकाचं वाचन

मुग्धाने पुस्तक मिटलं आणि इनाया वाचतच राहिली. आवाज तोच होता, खणखणीत, स्वल्पविरामाला जरासा थांबणारा, पूर्णविरामाला श्वास घेणारा. समुद्राकडे निघालेल्या कासवाचा धडा. मागच्या बाकावर इनाया मान वर करून मुग्धाच्या चेहऱ्याकडे बघत होती आणि तिचं बोट मिटलेल्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरून डावीकडून उजवीकडे सरकत होतं, ओळ संपली की मागे येत होतं. एकही शब्द चुकला नाही. मग पान संपायची वेळ आली तसं बोट खालच्या कोपऱ्याशी गेलं, पान उलटायला. तिथे जाड पुठ्ठा लागला. इनाया गप्प झाली. तिने मुग्धाकडे पाहिलं नाही, पुस्तकाकडेही नाही. सगळा वर्ग ओलांडून तिने फळ्यापाशी उभ्या असलेल्या नूरजहाँकडे पाहिलं. भीती नव्हती त्या बघण्यात. आता तुम्हाला कळलं ना, एवढंच होतं. नूरजहाँच्या एका हातात मार्कर होता आणि दुसऱ्या हातात त्याचं टोपण, आणि भागाकाराचं उदाहरण अर्धं लिहून झालं होतं. छत्तीस मुलं माना खाली घालून लिहीत होती. तिने उदाहरण पुरं केलं. अक्षर नेहमीसारखं गोल, सुटसुटीत आलं. याचं तिला नंतर कितीतरी दिवस आश्चर्य वाटत राहिलं.

या शाळेत तिला तेवीस वर्षं झाली होती. आखातात, अल कुसैसमधली भारतीयांच्या एका ट्रस्टची शाळा, जुनी, दोन पाळ्यांची, कमी फीची. गाड्यांची रांग फाटकापासून पार वळणापर्यंत लागायची. सगळी तेवीस वर्षं नूरजहाँ तिसरीलाच शिकवत आली होती. तिसरी सी म्हणजे नूरजहाँ मॅडमचा वर्ग, असं आईबाप एकमेकांना सांगत. रस्त्यापलीकडे तीन वर्षांपूर्वी दुसरी शाळा उभी राहिली होती. ती सरकारी, पण सरकारने एका कंपनीला करारावर चालवायला दिलेली. इमारत सरकारची, मुलं बहुतेक इथल्याच अरब कुटुंबांतली, फी नाही. शिक्षक कुठले आणायचे, शिकवायचं कसं, ते कंपनी ठरवणार. आजूबाजूचे सगळे तिला नुसतं 'चार्टर' म्हणत. या वर्षी वरून फर्मान आलं की नव्या आणि जुन्या शाळांच्या जोड्या लावायच्या. त्यांचे शिक्षक इकडे येऊन बसतील, इकडचे तिकडे जातील, ज्याच्याकडे जे चांगलं ते दुसऱ्याने घ्यायचं. स्टाफरूममध्ये त्यावर बरंच हसणं झालं. त्यांच्याकडे स्विमिंग पूल आहे, तो देणार का, असं कोणीतरी विचारलं. नूरजहाँला मात्र तिकडून मुग्धा मिळाली. पुण्याची, चौतिशीची, वाचनात अडखळणाऱ्या मुलांसाठी खास शिकून आलेली. पहिल्या दिवशी तिने दारातच मराठीत विचारलं, "मॅडम, मी मागे बसले तर चालेल?" या शाळेच्या भिंतींत इतक्या वर्षांनी कोणी आपल्याशी मराठीत बोलतंय याचा नूरजहाँला उगाचच आनंद झाला होता.

मधल्या सुट्टीत दोघी जिन्याच्या वळणावर उभ्या राहिल्या. खाली पटांगणात मुलांचा कालवा चालला होता. मुग्धा म्हणाली, "मॅडम, मी मुद्दाम नाही केलं. ती माझ्याकडेच बघत होती, पानाकडे नाही, म्हणून मिटून बघितलं."

"अख्खा धडा पाठ आहे तिला."

"अख्खं पुस्तकच असणार. घरी कोणाकडून तरी वाचून घेत असेल, किंवा बाकीची मुलं वाचताना ऐकत असेल. अशी मुलं फार हुशार असतात हो. वाचता येत नाही ते झाकायला जी हुशारी लागते ना, ती तुमच्या-माझ्याकडेही नसेल."

"मी तिच्या रिपोर्टात लिहिलंय," नूरजहाँ म्हणाली, "रीडिंग एक्सलंट."

मुग्धाने तिच्याकडे पाहिलं, पण धीर देणारं काही बोलली नाही, आणि ते नूरजहाँला बरं वाटलं. "मोठेपणी पण ओळखू येतात," मुग्धा सहज म्हणाली, "कोणी फॉर्म पुढे केला की चष्मा विसरला म्हणतात. हॉटेलात गेलं की तूच मागव म्हणतात. फोनवर कधी टाइप करणार नाहीत, बोलून पाठवणार. माझे एक काका तसे होते. गेले तोवर आम्हाला कोणाला पत्ता नव्हता." बेल झाली. मुग्धा वर्गाकडे वळली. नूरजहाँ कठड्यावर हात ठेवून तशीच उभी राहिली. कठडा उन्हाने तापला होता, हात भाजत होता, आणि तिला तो उचलावासा वाटत नव्हता.

मुनिबा. नाव आतून आलं तेव्हा तिने ते आधी बाजूला सारलं. मुनिबा तिची धाकटी बहीण, तीन वर्षांनी लहान, खोर फक्कानला राहणारी. तिचा नवरा उमर तिथल्या बंदरात क्रेनवर. दर दोन दिवसांनी मुनिबाचा निरोप येई, आणि तो नेहमी आवाजात असे. आपा, आज हमूर मासा छान मिळाला, आपा, खोकला गेला का. नूरजहाँ उत्तर लिहून पाठवी, मग लगेच मुनिबाचा फोन येई, "तूच सांग ना, लिहितेस काय, तुझा आवाज तरी ऐकू दे." किती प्रेमळ, असं तिला वाटायचं. शारजाच्या लग्नात मेन्यू कार्ड हातात आलं तसं मुनिबाने ते तिच्याकडे सरकवलं होतं, "तुझी पसंती चांगली." लायसन्स काढायला नको म्हणाली, कारण या रस्त्यांची तिला भीती वाटते म्हणे. गावी खाडीच्या तोंडाशी, ऐन भरतीला वल्ही मारत होडी नेणारी मुनिबा. बसमधून घरी जाताना नूरजहाँ एकेक गोष्ट उचलून बघत होती, आणि प्रत्येक गोष्ट दुसऱ्या बाजूने दिसत होती. खिडकीबाहेर गोदामं, टायरची दुकानं, मेट्रोचा पूल, रोजचं सगळं. तिला वाटलं आपण हा रस्ता कधी नीट बघितलाच नाही. मग वाटलं, हे असं वाटणंही खोटं आहे. रस्ता बघितला होता. बहीण बघितली नव्हती.

गावी, साखरतरला, जिल्हा परिषदेची मराठी शाळा होती, दोन खोल्यांची, खिडकीतून खाडीचा वास येणारी. अब्बा जहाजावर. दीड-दोन वर्षांनी महिनाभर घरी येत, आणि त्या महिन्यात घरातले सगळे निर्णय व्हायचे, कुणाचं लग्न, कुणाचा दात, कुठली भिंत. अशाच एका खेपेला, मुनिबा दहा वर्षांची होती. तिने अब्बांसमोर उभं राहून पुस्तकातली कविता म्हटली, हात मागे बांधून, एका दमात. अब्बा खूश झाले. त्यांच्या हातात बंदरातून आणलेलं वर्तमानपत्र होतं, ते त्यांनी तिच्यापुढे धरलं, "आता हे वाच बघू." मुनिबा वर्तमानपत्राकडे बघत राहिली. कितीतरी वेळ. पडवीत अम्मी मासे साफ करत होती, तिचे हात थांबले. मग मुनिबा म्हणाली, "पोटात दुखतंय," आणि आत गेली. नंतर अब्बांनी नूरजहाँला जवळ बोलावलं. "तू घेतेस ना तिचा अभ्यास? काय अडतं तिचं?" नूरजहाँ तेरा वर्षांची होती. स्कॉलरशिपची परीक्षा महिन्यावर आली होती, आणि रोज संध्याकाळी बहिणीपुढे तीच तीच अक्षरं गिरवून तिचा जीव मेटाकुटीला आला होता. काल आलेलं अक्षर आज येत नसे. मुनिबा हसायची, मधेच गोष्ट सांगायला लागायची. नूरजहाँ म्हणाली, "ती मन लावत नाही, अब्बा." एवढंच. अब्बांनी मान हलवली. सुट्टी संपून ते जहाजावर गेले, जूनमध्ये शाळा सुरू झाली, आणि मुनिबाचं दप्तर काही कोणी आणलं नाही. कोणी आरडाओरडा केला नाही, कोणी रडलं नाही. मुनिबा अम्मीबरोबर बाजारात जायला लागली. नूरजहाँला स्कॉलरशिप मिळाली.

ते वाक्य मात्र तिच्याबरोबर राहिलं होतं, हे तिला आता कळत होतं. तेवीस वर्षांच्या पालकसभांत ती ते इंग्रजीत म्हणत आली होती. ही इज केअरलेस. शी इज नॉट पुटिंग हर माइंड. आईबाप मान हलवत. किती मुलं असतील? चेहरे आठवायला गेली तर चेहरे येईनात, नुसत्या वह्या आल्या, खोडलेल्या, गिचमिड, कडेला तिच्याच लाल अक्षरातलं 'केअरलेस'. घरी हमदुल्लाने चहा पुढे ठेवला. देरामधल्या त्याच्या ऑफिसातून तो हल्ली लवकर येत असे. बायको गप्प आहे हे त्याने पाहिलं आणि विचारलं नाही. तीस वर्षांच्या संसारात त्याने कमावलेलं एक शहाणपण ते होतं. पेला धुवून ठेवता ठेवता तीच म्हणाली, "शनिवारी मुनिबाकडे सोडशील?" तो म्हणाला, "सोडतो की. इन्शाल्ला, मासे पण आणू."

गुरुवारी तिची पाळी रस्ता ओलांडून जायची होती. चार्टरच्या आवारात पाऊल टाकलं की आवाज कमी होत. जमिनी मऊ, भिंती फिक्या, वर्गात बावीस मुलं. नूरजहाँला अशा ठिकाणी आपल्या चपला मोठ्याने वाजतात असं वाटे. इथे तिच्याकडून त्यांना काय हवं होतं, तर पाढे. चार्टरची मुलं टॅबवर सुंदर आलेख काढत, पण सात आठे किती म्हटलं की बोटं मोजत. पहिल्याच आठवड्यात तिने चौथीच्या मुलींना टाळ्यांवर पाढे शिकवले होते, एक ओळ पुढच्यांनी, एक ओळ मागच्यांनी, आणि चुकली ती ओळ पुन्हा सगळ्यांनी मिळून. अबाया घातलेल्या त्यांच्या तरुण वर्गशिक्षिकेने मोबाइलवर ते सगळं टिपून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः घेतलं. त्या गुरुवारी मुली दारातच धावत आल्या, "टीचर, यल्ला, नाइन्टीन!" एकोणीसचा पाढा त्यांनी आपणहून मागितला. नूरजहाँने टाळी वाजवायला हात वर केले, आणि तिच्या मनात आलं, यातल्या किती जणी नुसत्या आवाजामागून जातायत? पाठ करून घेणं हीच तर तिची कला. हीच कला इनायाला झाकत होती. हात वरच राहिले. मुली तिच्याकडे बघत होत्या. मग तिने एक नवी गोष्ट केली. तिने पाढा मधूनच सुरू केला, एकोणीस सत्ते, आणि विचारलं, कसं काढलंत ते सांगा. तीन मुली गप्प झाल्या. त्या तिघींना तिने आपल्या शेजारी बसवून घेतलं. तास संपला तेव्हा मागे बसलेल्या मुग्धाने वहीत काहीतरी लिहिलं. "काय लिहिलंस?" नूरजहाँने विचारलं. "हेच. मधूनच सुरू करायचं. मी माझ्याकडे वापरणार आहे," मुग्धा म्हणाली.

परत आल्यावर वासुदेव सरांनी केबिनमध्ये बोलावलं. प्रिन्सिपल, मूळचे मंगळूरचे, साठीला आलेले, शाळेच्या पहिल्या बॅचपासून इथे. ते तिच्याशी हिंदीतच बोलत. टेबलावर जोडशाळांच्या उपक्रमाची यादी होती. चार्टरच्या वाचन-खोलीत आठवड्यातून दोनदा, शाळेच्या वेळात, इकडच्या सहा मुलांना घेणार होते. नावं सोमवारपर्यंत द्यायची. यादी वर जाणार, इन्स्पेक्शनच्या फाइलला लागणार.

"नूरजहाँ मॅडम, आपके सेक्शन से कोई नाम नहीं देना है," सर म्हणाले. "थर्ड सी हमारा बेस्ट सेक्शन है. एक्सलंट रीडिंग लिखा है आपने. अब उसी में से नाम जाएगा तो वो पूछेंगे, तेईस साल से क्या कर रहे थे."

"सर, पूछना तो चाहिए," ती म्हणाली, आणि स्वतःच दचकली.

सर रागावले नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग हळू आवाजात त्यांनी खरी गोष्ट सांगितली. दोन वर्षांपूर्वी एका मुलीचं नाव असंच कागदावर आलं, तर आईबापांना मुलीसाठी वेगळी शिक्षिका स्वतःच्या खर्चाने ठेवायला लागेल असं कोणीतरी सांगितलं. ते घाबरले आणि महिन्याभरात मुलीला गावी पाठवून दिलं. "मुझे फाइल की भी फिकर है, झूठ नहीं बोलूँगा. पर बच्ची की भी है. नाम लिखने के बाद नाम मिटता नहीं, मॅडम." नूरजहाँ उठली. दारापर्यंत जाताना तिला जाणवलं, सरांचं म्हणणं चूक नाही. ते चूक असतं तर सोपं गेलं असतं. शुक्रवारी अर्ध्या दिवसाची शाळा. इनाया वहीत मान घालून बसली होती. फळ्यावरचं उतरवताना ती एकेक अक्षर चित्रासारखं काढत होती, जीभ दाताखाली धरून. दोनदा नूरजहाँ तिच्या बाकाशी गेली आणि दोन्ही वेळा नुसती उभी राहून परतली. जाताना इनायाने "बाय मॅम" म्हटलं, रोजच्यासारखंच, आणि दाराशी थांबून मागे पाहिलं. तिला काहीतरी निकाल हवा होता. नूरजहाँने हात हलवला.

शनिवारी सकाळी डोंगरातल्या बोगद्यांमधून गाडी खोर फक्कानला उतरली. समोर बंदराच्या क्रेन, रंगीत पेट्यांसारखे कंटेनर, खाली निळा समुद्र. हमदुल्ला उमरबरोबर मासळीबाजारात गेला. मुनिबाच्या स्वयंपाकघरात घरच्या जेवणाच्या बारा ऑर्डरी चालू होत्या. बंदरावरची एकटी राहणारी कोकणी मुलं तिच्याकडून डबे मागवत. कोणाला काय, कोणाला तिखट कमी, कोणाला नारळ नको, सगळं तिच्या डोक्यात. फोन ओट्यावर टेकवून ठेवला होता. तो वाजला तसा पडद्यावर कोणाचं नाव आलं नाही, एका माणसाचा फोटो आला. नूरजहाँने पडद्यावरची बाकीची यादी पाहिली. भाजीवाल्याच्या जागी भाजीवाल्याचा, गॅसवाल्याच्या जागी लाल सिलिंडरचा. आपल्या जागी काय असेल? तिने विचारलं नाही. ती सुरी घेऊन कांदा चिरायला बसली. दोघी काम करत राहिल्या, लहानपणी करत तशा.

"मुनिबा," ती म्हणाली, "तुला वाचता येत नाही ना?"

मुनिबाने सुरमईची तुकडी मसाल्यात उलटी केली. "नंबर येतात. माझं नाव येतं. दुकानांच्या पाट्या ओळखते. बाकीचं नाही आलं."

"उमरला माहीत आहे?"

"लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात. त्याला आईचं पत्र आलं होतं, म्हणाला वाचून दाखव. मी रडले. त्याने पत्र स्वतःच वाचलं, मोठ्याने. तेव्हापासून तोच वाचतो. पोरांना मी सांगितलं, तुम्ही वाचा, अम्मीला ऐकायला आवडतं."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तुला काय सांगायचं आपा? तूच शिकवत होतीस." हे ती सहज म्हणाली, टोमणा नव्हता. तरी नूरजहाँची सुरी थांबली.

"मी अब्बांना सांगितलं होतं. तू मन लावत नाहीस म्हणून."

"ठाऊक आहे. मी दाराआड होते." मुनिबाने गॅस बारीक केला, हात धुतले, पदराला पुसले आणि समोरच्या स्टुलावर येऊन बसली. आता तिच्या चेहऱ्यावर वय दिसत होतं. "तुला वाटत असेल शाळा सुटली म्हणून मला राग आला असेल. नाही. शाळेतून सुटले तर बरंच वाटलं मला, खरं सांगते. रोज पोटात गोळा यायचा, तो गेला. राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. मन लावत नाही म्हणालीस. आपा, तुला काय सांगू, किती मन लावायचे मी. तू झोपलीस की अंथरुणात बोटाने अक्षरं काढायचे. सकाळी उठले की गेलेली असायची. हसायचे का, तर रडले तर तू अम्मीला सांगशील म्हणून. पुष्कळ वर्षं राहिला तो राग. मग माझं लग्न, पोरं, इकडे येणं. राग सांभाळत बसायला पण सवड लागते. मला नव्हती."

"मला माफ कर म्हणायला मी आले नाही," नूरजहाँ म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला कळलं की ती त्याचसाठी आली होती. मुनिबाला ते तिच्या आधी कळलं असावं. तिने कांद्याचं ताट आपल्याकडे ओढलं. "तू आज एकाएकी का विचारलंस?" मग नूरजहाँने इनायाचं सांगितलं, मिटलेल्या पुस्तकाचं, सरकणाऱ्या बोटाचं, यादीचं, वासुदेव सरांचं, गावी पाठवलेल्या मुलीचं. मुनिबा ऐकत होती तेव्हा तिचे हात पूर्ण थांबले होते. वर्तमानपत्र पुढे आलं तेव्हा अम्मीचे थांबले होते तसे.

"नाव दिलं तर काय होईल ते तू सांगितलंस," मुनिबा म्हणाली. "नाही दिलं तर काय होईल ते मी सांगू? पाठ करेल. पाचवीचं करेल, सहावीचं करेल. पुस्तकं जाड होत जातील. हुशार असेल तर दहावीपर्यंत रेटेल. त्याला किती दम लागतो तुला ठाऊक नाही, आपा. कोणाच्या घरी जायचं म्हटलं तरी आधी विचार करायचा, तिथे काही वाचायला तर लागणार नाही ना. आणि तिने तुझ्याकडे बघितलं म्हणतेस. मी पण तुझ्याकडेच बघितलं होतं, अब्बांनी पेपर धरला तेव्हा. तू पुस्तकात मान घालून बसली होतीस."

ते नूरजहाँला आठवत नव्हतं. तिने खूप शोधलं. पडवी आठवली, मासे, अब्बांचा हात, वर्तमानपत्राचा कोरा वास. मुनिबाची नजर कुठेच सापडली नाही. बाहेर गाडीचा आवाज आला, हमदुल्ला आणि उमर पिशव्या घेऊन आले, हसत, घामाघूम. मुनिबा उठली. "चला, खलास, आता डबे भरायला लाग," ती म्हणाली आणि भाताचं पातेलं बहिणीच्या हातात दिलं. दुपारभर दोघींनी डबे भरले. कुठला डबा कोणाचा ते मुनिबा सांगत गेली आणि नूरजहाँ एकदाही न लिहिता लक्षात ठेवायचा प्रयत्न करत राहिली. बारापैकी चार चुकले.

सोमवारी तिने आधी इनायाच्या आईला बोलावलं. ती सलूनमध्ये काम करणारी, अर्ध्या तासाची सुट्टी काढून आलेली, उभ्यानेच ऐकत होती. नूरजहाँने काही झाकलं नाही. मुलीला वाचता येत नाही, आणि हे मला समजायला हवं होतं, मला समजलं नाही, ती म्हणाली. वेगळी शिक्षिका ठेवावी लागणार नाही, हे मुग्धाने चार्टरकडून लेखी आणलं होतं, तो कागद तिने वाचून दाखवला, दोनदा. आई म्हणाली, "मॅडम, घर पे रोज मुझसे सुनती है. मैं समझती थी उसे मेरी आवाज़ अच्छी लगती है." नूरजहाँने त्या बाईचा हात धरला आणि तिला खुर्चीवर बसवलं.

वासुदेव सरांनी यादी वाचली. सहावं नाव वाचून ते खिडकीकडे बघत राहिले. "मदर से बात हुई?" हो. "लेटर है?" तिने कागद पुढे केला. त्यांनी तो सावकाश वाचला, पेन उघडलं, आणि म्हणाले, "रिमार्क में लिखिए, आयडेंटिफाइड बाय क्लास टीचर. फाइल में जाना ही है तो ये जाए कि हमने ढूँढा." नूरजहाँ म्हणाली, "सर, मैंने नहीं ढूँढा. चार्टर की मुग्धा ने ढूँढा." सरांनी तिच्याकडे पाहिलं. कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच पाहत असावेत तसं. मग त्यांनी स्वतःच्या बारीक तिरक्या अक्षरात लिहिलं, जॉइंटली आयडेंटिफाइड, आणि सही केली. ती दाराशी पोचली तेव्हा मागून म्हणाले, "मॅडम, और होंगे ना? बाकी सेक्शन में?" ती म्हणाली, "होंगे सर." ते म्हणाले, "तो देखिए," आणि पुढची फाइल ओढली.

चार्टरची वाचन-खोली छोटी होती. इनायाला आणि बाकी पाच जणांना घेऊन नूरजहाँ आठवड्यातून दोनदा रस्ता ओलांडू लागली. मुलांबरोबर तीही बसे. मुग्धाने तिला लहान खुर्ची दिली होती, गुडघे वर येत. इथे तिला शिकवायचं नव्हतं, शिकायचं होतं, आणि ते अवघड जात होतं. मूल अडलं की पहिला आवाज पुरवायचा ही तिच्या जिभेची सवय. मुग्धा काही न बोलता नुसता तळहात दाखवायची, थांबा. थांबणं म्हणजे काही न करणं नव्हे हे तिला हळूहळू कळायला लागलं होतं. त्या शांततेत मुलाच्या चेहऱ्यावर काय काय येतं आणि जातं ते बघणं हेच काम होतं. पहिले तीन आठवडे इनायाने इथेही आपली युक्ती चालवली. ती मुग्धाच्या ओठांकडे बघायची, चित्रावरून गोष्ट रचायची, आणि ती गोष्ट मूळ गोष्टीपेक्षा चांगली असायची. मुग्धा हसायची आणि म्हणायची, "ही पण छान आहे. आता इथे काय लिहिलंय ते बघू." इनाया ओठ घट्ट मिटायची. एकदा ती म्हणाली, "आय हॅव स्टमकेक." पोटात दुखतंय, हे नूरजहाँने आधीही ऐकलं होतं. तिने मुलीला पाणी दिलं, बाहेर पाठवलं नाही, शेजारी बसू दिलं.

चौथ्या आठवड्यात, मंगळवारी, मुग्धाला मीटिंगला बोलावलं म्हणून ती दहा मिनिटं नव्हती. नूरजहाँने कार्डांचा गठ्ठा हातात घेतला. पाच कार्डं इनायाने वाचली, आवाजावर आवाज ठेवत, धापा टाकत. तिचं ते जुनं खणखणीत वाचन पार गेलं होतं आणि त्या जागी हे खुरडत चाललेलं, खरं वाचन आलं होतं. सहाव्या कार्डावर 'हार्बर' होतं. इनाया थांबली. नूरजहाँ थांबली. ए.सी. चालू-बंद झाला. दुसऱ्या टेबलावर कोणाची तरी पेन्सिल खाली पडली आणि उचलली गेली. इनायाने वर पाहिलं, नूरजहाँच्या ओठांकडे. ओठ मिटलेले होते. तिने भिंतीवरच्या चित्रांकडे पाहिलं. मग कार्डाकडे. तिच्या गालावरून एक लाट गेली, हसू की रडू ते कळलं नाही. आता पोटात दुखणार, असं नूरजहाँला वाटलं, आणि तिने खुर्चीची कड घट्ट धरली.

"मॅम," इनाया म्हणाली, "आय डोन्ट नो धिस वन."

तेवीस वर्षांत मुलांनी तिला वही हरवली सांगितलं होतं, बोट दुखतंय, भावाने पान फाडलं, बॅग बसमध्ये राहिली. इतकी साधी, सरळ गोष्ट तिला क्वचितच कोणी सांगितली होती. तिने आवाज नेहमीचाच ठेवला.

"ओके," ती म्हणाली. "कुठपर्यंत येतं ते दाखव मला."

इनाया पुढे वाकली. सावकाश, एकेक अक्षर तपासत, तिने शब्दाच्या बरोबर मध्यावर बोट ठेवलं. "टिल हिअर," ती म्हणाली.